बुद्धिबळाच्या पटावरील महासंख्या

बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाची गोष्ट आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलेली असेल. हा खेळ शोधून काढणाऱ्या पंडितावर राजा प्रसन्न झाला व त्यानें हवें तें मागण्यास सांगितलें. पंडितानें मागितलें तें इतकेंच कीं, पटाच्या पहिल्या घरांत गव्हाचा एक दाणा ठेवावा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, आणि याप्रमाणें चौसष्टाव्या घरापर्यंत दुप्पट दुप्पट दाणे देत जावें. राजा हंसला. पुढें कोठारें मोजावयास बसल्यावर त्याचें हंसें कोठच्या कोठें गेलें. अरबी ग्रंथांत या पंडिताचें नांव सिस्सा असें दिलेलें असून गोष्ट हिंदुस्थानांतील म्हणून सांगितली आहे. ती घडली असो वा नसो, तींतील संख्या मात्र खरी आहे, आणि आज आम्हांस बोलावयाचें आहे तें त्या संख्येविषयीं. राजाचें काय झालें हें आम्ही कथेकऱ्यांवर सोपवितों.

ती संख्या अशी: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

एकूण वीस अंक. भास्कराचार्यांनीं ११५० सालीं रचिलेल्या लीलावतींत एक, दश, शत, सहस्र येथपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांचीं नांवें दिलीं आहेत; परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यें. आमची संख्या या अठरा स्थानांतहि मावत नाहीं. १८४ परार्ध मोजून झाल्यावर कांहीं शिल्लक उरतेंच. गव्हाच्या हजार दाण्यांचें वजन सुमारें ४० ग्रॅम भरतें असें धरिलें, तर या सर्व दाण्यांचें वजन सुमारें ७३,८०० कोटि टन होईल. आज सर्व पृथ्वीवर मिळून वर्षास सुमारें ८० कोटि टन गहूं पिकतो. तेव्हां राजानें सर्व जगाचें पीक एक दाणाहि न खातां पंडिताच्या दारीं नेऊन ओतिलें असतें, तरी ऋण फिटण्यास नऊशेंहून अधिक वर्षें लागलीं असतीं.

आतां ही बेरीज करावी कशी? चौसष्ट संख्या एकाखालीं एक मांडून बेरीज करणारा विद्यार्थी कष्टाळू खरा, पण त्यास आम्ही शहाणा म्हणणार नाहीं. पहिल्या घरांत एक दाणा आहे. शेजाऱ्याकडून आणखी एक दाणा उसना आणून त्यांत टाका. दोन झाले. दुसऱ्या घरांतहि दोनच आहेत. दोहोंचे मिळून चार. तिसऱ्या घरांत चार आहेत, मिळून आठ. याप्रमाणें ढीग पुढें पुढें लोटीत नेला म्हणजे प्रत्येक वेळीं तो पुढल्या घरांतील दाण्यांइतकाच होतो, व चौसष्टावें घर ओलांडतांना २ चा ६४ वा घात इतके दाणे हातीं येतात. उसना दाणा परत केला कीं बेरीज पुरी झाली. म्हणजे आमची संख्या २ च्या ६४ व्या घाताहून एकानें कमी आहे. शेवटच्या एकट्या घरांतील दाणे पहिल्या त्रेसष्ट घरांतील सर्व दाण्यांहून एकानें अधिक असतात हेंहि यावरूनच ध्यानांत येईल.

२ चा ६४ वा घात काढण्यासहि चौसष्ट गुणाकार नकोत. लीलावतींत याच जातीचें एक उदाहरण आहे. कोणी एक दाता पहिल्या दिवशीं दोन कवड्या देतो व पुढें रोज दुप्पट देत जातो. तर महिन्यांत त्यानें किती निष्क दिले? आचार्यांची रीति अशी कीं, पदांची संख्या विषम असल्यास तींतून एक वजा करून ‘गुण’ असें लिहावें, सम असल्यास ती निम्मी करून ‘वर्ग’ असें लिहावें, आणि ती संपेपर्यंत असें करून मग शेवटाकडून उलट येत गुणाकार व वर्ग करावे. महिन्याचें उत्तर २१४,७४,८३,६४६ कवड्या येतें. तेवढ्यांचे १०४८५७ निष्क होऊन वर ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी व ६ कवड्या उरतात. (वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म व सोळा द्रम्मांचा निष्क हें कोष्टक घेऊन कोणीहि ताळा पाहावा.) मौज ही कीं या कवड्यांत आणखी एक कवडी मिळविली तर होणारी २१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ संख्या आहे, स्वित्झर्लंडचे गणितज्ञ ऑयलर यांनीं १७७२ सालीं तसें सिद्ध केलें. यांचें नांव या लेखांत पुनः येणार आहे.

आमच्या चौसष्टास ही रीति लावली तर ६४, ३२, १६, ८, ४, २, १ असे सहा वेळां निम्मे होतात; म्हणजे २ घेऊन तिचा सहा वेळां वर्गावर वर्ग करावयाचा. २ चा वर्ग ४, त्याचा १६, त्याचा २५६, त्याचा ६५,५३६, त्याचा ४,२९,४९,६७,२९६, आणि याचा वर्ग केला कीं काम संपलें. अल्-बेरूनी या पंडितानें इ. स. १००० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथांत पटाची ही बेरीज अशीच वर्गांवर वर्ग करून काढिलेली आहे.

येथवर संख्या किती मोठी हें झालें. परंतु संख्येचें मोठेपण म्हणजे तिचे गुण नव्हेत. ते पाहावयाचे तर तिचे अवयव पाडले पाहिजेत. वीस अंकी संख्येचे अवयव पाडणें हें सामान्यतः मोठें दुर्घट काम. भाजकांची निवड करतां करतां जन्म सरावयाचा! पण आमची संख्या वर्गांवर वर्ग करून आलेली असल्यामुळें बीजगणितांतील अगदीं पहिल्या सूत्रास वश होते: क चा वर्ग उणें १ म्हणजे (क + १) × (क − १). जिच्या वर्गांतून एक वजा केल्यानें आमची संख्या मिळाली ती ४,२९,४९,६७,२९६ आहे, म्हणून

आमची संख्या = ४,२९,४९,६७,२९७ × ४,२९,४९,६७,२९५.

दुसरा अवयव पुनः ६५,५३६ च्या वर्गाहून एकानें कमी आहे, म्हणून तो ६५,५३७ × ६५,५३५ झाला. ६५,५३५ म्हणजे २५७ × २५५. २५५ म्हणजे १७ × १५. आणि १५ म्हणजे ५ × ३. एवढी प्रचंड संख्या एकाच सूत्राच्या पांच घावांत फुटली, व तिचे सहा तुकडे आमच्यासमोर पडले: ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७.

यांपैकीं कोणत्याहि दोहोंस सामाईक भाजक नाहीं, हें अगदीं थोडक्यांत दाखवितां येतें. कोणताहि तुकडा घ्या व त्यांतून दोन वजा करा. जें उरेल तें त्याच्या आधींच्या सर्व तुकड्यांच्या गुणाकाराबरोबर असतें. १७ − २ = १५ = ३ × ५; २५७ − २ = २५५ = ३ × ५ × १७. आतां एकादी संख्या दोन तुकड्यांस निःशेष भागीत असेल, तर तिनें त्या दोनासहि भागिलें पाहिजे. आणि सर्व तुकडे तर विषम आहेत.

हे तुकडे साधे नव्हत. फ्रान्समधील तुलूज शहरीं फर्मा नांवाचे एक न्यायाधिकारी होते. कचेरीच्या कामांतून सवड मिळेल तेव्हां ते गणित करीत, आणि त्या सवडीच्या गणितानें त्या शतकांतील धंदेवाईक गणित्यांस पुष्कळ पिढ्यांचें काम देऊन ठेविलें. १६४० सालच्या पत्रांतून त्यांनीं असें मत मांडलें कीं ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या ओळींतील सर्व संख्या, ती कितीहि पुढें नेली तरी, मूळ संख्याच असणार. म्हणजे एक व ती संख्या स्वतः यांवांचून त्यांपैकीं एकीसहि दुसरा भाजक मिळणार नाहीं. पूर्ण सिद्धता आपल्यापाशीं नाहीं हेंहि त्यांनीं प्रामाणिकपणें लिहिलें होतें. पहिल्या पांच संख्या खरोखरच मूळ आहेत. ६५,५३७ चें वर्गमूळ २५६ हून किंचित् अधिक. तेव्हां तेथपर्यंतच्या मूळ संख्यांनीं भागून पाहिलें कीं कोणाचीहि खात्री होते. प्रश्न सहाव्या संख्येचा होता, आणि तीच आमच्या पटावरील सर्वांत मोठा तुकडा! ती मूळ असेल तर फर्मांचा शब्द आणखी एक पायरी टिकला. तिला एक जरी भाजक निघाला, तरी सबंध विधान कोसळलें. पांच वेळां खरें ठरलेलें सहाव्यांदाहि खरें ठरेल, असें समजण्याकडे मनाचा ओढा असतो. बाजारांत तें चालतें. गणितांत मात्र पांच साक्षीदारांनीं सिद्धता होत नाहीं.

जवळजवळ नव्वद वर्षें हा प्रश्न तसाच पडून राहिला. १७२९ च्या डिसेंबरांत गोल्डबाख यांनीं पत्र लिहून तरुण ऑयलर यांस विचारिलें कीं, फर्मांचें हें मत आपणांस ठाऊक आहे काय? ऑयलर तेव्हां रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथें होते. १७३२ सालीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, त्यांनीं जाहीर केलें कीं ४,२९,४९,६७,२९७ या संख्येस ६४१ नें निःशेष भाग जातो.

हा भाजक त्यांस कसा गांवला? या संख्येचें वर्गमूळ ६५,५३६ हून थोडेंसें अधिक आहे, व तेथपर्यंत साडेसहा हजारांवर मूळ संख्या आहेत; एकामागून एक भागून पाहणें हा कांहीं मार्ग नव्हे. ऑयलर यांनीं पुढें एका लेखांत सिद्ध केलें कीं या संख्येस मूळ भाजक असलाच, तर त्यास ६४ नें भागिलें असतां बाकी १ च उरली पाहिजे. आणि गंमत अशी कीं या शोधाचा पाया खुद्द फर्मांच्याच दुसऱ्या एका सिद्धांतावर आहे: विषम मूळ संख्या म असेल, तर २ च्या (म − १) व्या घातास म नें भागल्यावर बाकी १ उरते. १७ घेऊन पाहूं. २ च्या घातांस क्रमानें १७ नें भागिल्यास बाक्या येतात त्या २, ४, ८, १६, १५, १३, ९, १. आणि मग पुनः २ पासून फेरा सुरू. चवथ्या स्थानीं १६, म्हणजे एक कमी पुरा भाग. आठव्या स्थानीं १. फेऱ्याची लांबी आठ, व १७ − १ ही संख्या आठाच्या पाढ्यांतील. आतां म हा भाजक २ चा ३२ वा घात अधिक १ यास भागीत असेल, तर बत्तिसाव्या स्थानीं बाकी म − १ येणार, म्हणून चौसष्टाव्या स्थानीं १ येणार. तेव्हां फेऱ्याची लांबी चौसष्टास भागणारी असली पाहिजे. ती चौसष्टाहून लहान असती तर तिनें बत्तिसासहि भागिलें असतें, आणि मग बत्तिसाव्या स्थानींच बाकी १ आली असती. तशी ती येत नाहीं. म्हणून फेरा बरोबर चौसष्टांचा, व म − १ हा चौसष्टाच्या पाढ्यांतला. फर्मांचें शस्त्र फर्मांवरच उलटलें तें असें.

एवढें कळल्यावर उरलेलें काम एका संध्याकाळचें आहे. चौसष्टाच्या पाढ्यांत एक मिळवीत गेल्यास ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ अशा संख्या येतात. यांतील मूळ संख्या पांचच: १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१. पैकीं २५७ हा पटावरील दुसरा तुकडाच असल्यामुळें तो भाजक असूं शकत नाहीं, हें वर आलेंच आहे. म्हणजे तीन भागाकार फसतात आणि चवथा लागतो:

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७.

ज्यांस दहा अंकी भागाकाराचा कंटाळा असेल त्यांच्याकरितां एक ताळा देतों. तो पुढील काळांतील गणितज्ञांनीं बसविलेला आहे, व आमच्या मतें सबंध अंकगणितांत याहून सुबक ताळे थोडेच असतील. ६४१ ही संख्या दोन प्रकारें लिहितां येते: ६४० + १, आणि ६२५ + १६. यांतील ६४० म्हणजे ५ × १२८ व ६२५ म्हणजे ५ चा चवथा घात. पहिल्यावरून, ६४० चा चवथा घात उणें १ यास (६४० + १) हा अवयव आहे, अर्थात् त्यास ६४१ नें भाग जातो. दुसऱ्यावरून, ६४१ ला १२८ च्या चवथ्या घातानें गुणिलें तर एक भाग ६४० चा चवथा घात होतो, व दुसरा भाग १६ × २६,८४,३५,४५६, म्हणजे नेमका ४,२९,४९,६७,२९६ होतो. या बेरजेसहि ६४१ नें भाग जातो हें उघड आहे. आतां दुसरींतून पहिली वजा करा. ६४० चा चवथा घात दोहोंकडून उडून जातो आणि उरते ४,२९,४९,६७,२९७. ज्या दोन संख्यांस ६४१ नें भाग जातो त्यांच्या वजाबाकीसहि तो गेलाच पाहिजे.

राहिला ६७,००,४१७. याचें वर्गमूळ २,५८९ च्या आंत आहे, व याचा कोणताहि मूळ भाजक वरील चौसष्टाच्याच जातीचा असणार. ६४१ च्या खालचे तर आपण पाहून टाकून दिलेच. पुढें २,५८८ पर्यंत अशा मूळ संख्या सातच आहेत: ६४१, ७६९, १,१५३, १,२१७, १,४०९, १,६०१ व २,११३. सातांनींहि भागून पाहिलें असतां बाक्या अनुक्रमें ४४, १२०, ३३४, ८३२, ६२२, २३२ व ९४ राहतात. शून्य एकदांहि येत नाहीं. म्हणून ६७,००,४१७ ही मूळ संख्या होय. आमची संख्या याप्रमाणें पुरती उकलली:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७.

सात मूळ अवयव, आणि प्रत्येक एकदांच. प्रत्येक अवयव घ्यावा अथवा सोडावा, असे सात वेळां दोन दोन मार्ग असल्यामुळें तिचे एकंदर भाजक १२८ आहेत.

या सातांपैकीं पांच जणांची कथा अजून राहिली आहे. कंपास व पट्टी एवढ्यांच्या साहाय्यानें समभुज त्रिकोण व सुसम पंचकोन आमचे भूमितीचे विद्यार्थी काढतात. ग्रीकांसहि ते येत. परंतु सुसम सप्तदशकोन, म्हणजे सतरा समान बाजू व समान कोन यांची आकृति, तशीच काढतां येते हें दोन हजार वर्षें कोणाच्या स्वप्नांतहि आलें नव्हतें. १७९६ सालीं गॉस नांवाच्या एका जर्मन विद्यार्थ्यानें तें सिद्ध केलें. त्यास तेव्हां एकोणिसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. विषम बाजूंच्या बहुकोनांपैकीं कंपास-पट्टीनें निघणारे तेच, कीं ज्यांच्या बाजूंची संख्या फर्मांच्या मूळ संख्यांपैकीं एक किंवा एकदां एकदां घेतलेल्या कित्येकींचा गुणाकार असते. याहून इतर निघतच नाहींत हा भाग वांत्सेल यांनीं १८३७ सालीं पुरा केला. फर्मांच्या ओळींतील मूळ संख्या आजवर पांचच ठाऊक आहेत. त्या पांचांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे पटाच्या पहिल्या चार ओळींतील दाण्यांची बेरीज! विषम बाजूंचा याहून मोठा असा एकहि बहुकोन कंपास-पट्टीनें काढतां येईल, हें अद्याप कोणास दाखवितां आलेलें नाहीं. अर्थात् इतक्या बाजूंची आकृति कोणी कागदावर काढावयास बसल्यास तें वर्तुळच दिसणार, ही गोष्ट निराळी.

हीच संख्या दुसऱ्या एका वेषानें काशीसहि जाऊन आली आहे. फ्रेंच गणितज्ञ ल्यूकास यांनीं १८८३ सालीं तीन खुंट्या व एकाहून एक लहान चकत्या यांचें खेळणें प्रसिद्ध केलें. एका वेळीं एकच चकती हलवावयाची, लहानीवर मोठी ठेवावयाची नाहीं, आणि सबंध चळत दुसऱ्या खुंटीवर न्यावयाची. खेळण्याबरोबर एक दंतकथा जोडलेली होती कीं काशीच्या एका देवळांत चौसष्ट सोन्याच्या चकत्या पुजारी अशाच हलवीत आहेत, व काम पुरें होतांच जगाचा अंत होईल. कथा कल्पित, हिशेब मात्र चोख. सर्वांत खालची चकती हलविण्यापूर्वीं वरच्या सर्व काढाव्या लागतात व मागून पुनः वर आणाव्या लागतात. म्हणून चकती एक वाढली कीं खेपा दुप्पट होऊन वर एक: १, ३, ७, १५... आणि चौसष्टांस आमचीच संख्या. दर सेकंदास एक खेप धरिली तरी सुमारें ५८,४५० कोटि वर्षें लागतील. पृथ्वीचें वय आज सुमारें ४५४ कोटि वर्षें मानितात. तेव्हां वाचकांनीं निर्धास्त असावें.

आजच्या संगणकांसहि ही संख्या परिचयाची आहे. त्यांचें गणित ० आणि १ या दोनच अंकांनीं चालतें, व त्या पद्धतीनें आमची संख्या म्हणजे एकापुढें एक मांडिलेले चौसष्ट एकच एक. चौसष्ट स्थानांत याहून मोठी पूर्ण संख्या मावत नाहीं.

फर्मांच्या ओळींतील सातवी संख्या आमच्या संख्येहून केवळ दोनानें मोठी आहे: तिचे शेवटचे तीन अंक ६१५ नसून ६१७, बाकी सर्व तेच. १८८० सालीं, वयाचीं ऐंशी वर्षें उलटलेल्या लांद्री या फ्रेंच गृहस्थांनीं कित्येक महिन्यांच्या श्रमानें तिचे २,७४,१७७ व ६,७२,८०,४२,१३,१०,७२१ असे दोन अवयव पाडिले. त्यानंतर, संगणकांची जोड मिळाल्यावर, २ चा दोनाच्या बत्तिसाव्या घाताइतका घात अधिक १ येथपर्यंत ओळ तपासून झाली आहे. सहावीपासून पुढें तेथवर एकहि मूळ संख्या निघाली नाहीं. बत्तिसाच्या जागीं तेहतीस घातले कीं जी संख्या होते, ती लिहावयास सुमारें २५८ कोटि अंक लागतील. ती मूळ आहे कीं संयुक्त, हें अजून कोणास ठाऊक नाहीं.